बारेसीचा वर गेलेला हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती आहे, हे शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा सामना बघितलेल्या माणसाला सांगायला नको. विश्वचषक आला की पेठापेठांत झेंडे लागतात आणि गावाचे दोनच तट पडतात, ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले. अशा गावात राहून मी गेली पस्तीस वर्षं इटलीतल्या एसी मिलान या क्लबाचा चाहता आहे. तोही त्यांच्या गोलांमुळे नव्हे, त्यांच्या बचावामुळे. आता हे ऐकल्यावर मित्र हसतात. बचाव काय बघायची गोष्ट आहे का, असं त्यांचं म्हणणं.

याला कारण १९९० चा विश्वचषक. नेपल्समध्ये इटली विरुद्ध अर्जेंटिना ही उपांत्य लढत होती. घरातल्या एका टीव्हीभोवती निम्मी गल्ली जमली होती आणि सगळ्यांचे डोळे मॅराडोनावर होते. मी त्या वेळी गल्लीतल्या पोरांच्या संघात बॅकला खेळायचो. बॅकला खेळणाऱ्याची नजर आपोआप बॅककडंच जाते. इटलीच्या त्या संघानं तोवर स्पर्धेत एकही गोल खाल्लेला नव्हता. त्यांच्या बचावाच्या मधोमध उंचीनं बेताचाच, शर्ट बाहेर काढलेला एक खेळाडू होता. तो फारसा पळत नव्हता. चेंडू पलीकडं असतानाच तो दोन पावलं पुढं यायचा, एक हात वर करायचा, आणि त्याच्याबरोबर अख्खी ओळ पुढं सरकायची. समोरचा फॉरवर्ड मागं एकटा उरायचा आणि लाइन्समनचा झेंडा वर जायचा. त्या रात्री कॅनिजियानं गोल केला, इटली पेनल्टीवर हरली, गल्लीत फटाके वाजले. मला मात्र त्या खेळाडूचं नाव पाठ झालं. फ्रँको बारेसी. तो मिलानचा कप्तान होता.

हा हात वर करण्याचा प्रकार काय आहे, ते जरा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ऑफसाइडचा नियम थोडक्यात असा. प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात आपल्या खेळाडूला पास दिला जातो, त्या क्षणी चेंडू त्याच्या मागं असेल, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान, किंवा निदान त्याच्या बरोबरीला, समोरच्या संघाचे दोन खेळाडू असायला हवेत. त्यातला एक बहुधा गोलकीपर असतो. म्हणजे प्रश्न उरतो शेवटच्या बॅकचा. आता चारही बॅक एकाच वेळी चार पावलं पुढं आले, तर मागं राहिलेला फॉरवर्ड ऑफसाइड होतो. त्याला अडवायला पळावं लागत नाही, अंगाला हात लावावा लागत नाही. पण चारांतला एक जण जरी अर्धा सेकंद रेंगाळला, तरी सगळा डाव उलटतो. फॉरवर्ड ऑनसाइड, पुढं फक्त गोलकीपर, आणि बाकीचे तिघे हात वर करून उभे.

कबड्डी बघणाऱ्यांना ही गोष्ट लगेच कळेल. चढाई करणारा आला की कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा हात धरून साखळी करतात. साखळीतल्या एकानं उडी घेतली आणि दुसरा जागीच राहिला, तर पकड सुटते आणि गुणही जातो. फुटबॉलमधल्या चौघांनी एकमेकांचे हात धरलेले नसतात, इतकाच फरक. ती साखळी दिसत नाही, पण असावी लागते.

मिलानमध्ये ही साखळी घडवली आरिगो साक्की या प्रशिक्षकानं. १९८७ मध्ये तो मिलानला आला, तेव्हा इटलीतल्या वृत्तपत्रांनी नाकं मुरडली होती. हा गृहस्थ कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नव्हता. वडिलांच्या चपला-बुटांच्या धंद्यात विक्रीचं काम करत होता. टीकाकारांना त्यानं उत्तर दिलं, की घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावं लागत नाही.

तोवरची इटालियन पद्धत वेगळी होती. तिला कॅटेनाच्चो म्हणतात, म्हणजे दाराची कडी किंवा अडसर. प्रत्येक बॅकला एकेक फॉरवर्ड वाटून द्यायचा, त्यानं त्याच्या सावलीसारखं फिरायचं, आणि सगळ्यांच्या मागं एक मोकळा खेळाडू ठेवायचा, सुटलेलं निस्तरायला. मिलाननंच १९६३ आणि १९६९ मध्ये या पद्धतीनं युरोपियन चषक जिंकला होता. साक्कीनं ही कडी काढून टाकली. माणसाला धरू नका, जागा धरा, असं त्यानं सांगितलं. चेंडू कुठं आहे, आपला जोडीदार कुठं आहे, मोकळी जागा कुठं आहे आणि प्रतिस्पर्धी कुठं आहे, या चार गोष्टी बघून प्रत्येकानं आपली जागा ठरवायची. बचावाच्या ओळीपासून फॉरवर्डपर्यंतचं अंतर पंचवीस मीटरच्या आसपास ठेवायचं. मैदान असतं १०५ मीटर लांब. त्यातल्या पंचवीस मीटरांत दहा खेळाडू! समोरच्याला चेंडू मिळाला तरी मान वर करून बघायला फुरसत मिळायची नाही.

हे सांगणं सोपं, बसवणं अवघड. साक्की सरावात अकरा खेळाडूंना मैदानात उभं करायचा, चेंडू न देता. चेंडू आता इथं आहे, आता तिथं आहे, असं तो सांगायचा आणि सगळ्यांनी त्याप्रमाणं सरकायचं. गुलिट, व्हॅन बास्टेन यांच्यासारखे कसलेले खेळाडू या प्रकाराला वैतागले. तेव्हा साक्कीनं एक पैज लावली. ही गोष्ट त्यानंच पुढं सांगितली आहे. एका बाजूला गोलकीपर आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी हे चार बॅक, म्हणजे पाच जण. दुसऱ्या बाजूला गुलिट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, अँचेलोत्ती, डोनाडोनी धरून दहा जण. पंधरा मिनिटांत दहांनी पाचांवर गोल करून दाखवायचा. चेंडू गेला की आपल्या अर्ध्या मैदानात परत जाऊन नव्यानं सुरुवात. साक्की म्हणतो, हा प्रयोग त्यानं पुष्कळदा केला आणि एकदाही गोल झाला नाही.

१९८७-८८ च्या लीगमध्ये मिलाननं ३० सामन्यांत फक्त १४ गोल खाल्ले आणि विजेतेपद मिळवलं. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन चषक आले. १९९१ मध्ये साक्की गेला आणि फाबिओ कापेल्लो आला. त्यानं दोर थोडे सैल केले, पण साखळी तीच ठेवली. मे १९९१ पासून मार्च १९९३ पर्यंत मिलान लीगमध्ये सलग ५८ सामने हरलं नाही. १९९३-९४ चा मोसम तर मला तोंडपाठ आहे. ३४ सामन्यांत मिलाननं गोल केले अवघे ३६. म्हणजे सामन्यामागं जेमतेम एक. आणि तरी ते विजेते, कारण खाल्ले फक्त १५. त्याच मोसमात गोलकीपर सेबास्तियानो रॉसीनं सलग ९२९ मिनिटं गोल होऊ दिला नाही. तो विक्रम मोडायला २०१६ साल उजाडावं लागलं. मोडणारा होता बुफाँ.

त्या वर्षीच्या मे महिन्यात अथेन्सला बार्सेलोनाविरुद्ध युरोपचा अंतिम सामना झाला. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघांवरही बंदी होती. बचावाचा मध्यच गेला, असं सगळे म्हणत होते. कापेल्लोनं माल्दिनीला डावीकडून मध्ये आणलं आणि जोडीला फिलिप्पो गाल्लीला घेतलं. मिलान ४-० नं जिंकलं. दोन खांब काढले तरी घर उभं राहिलं. हे पाचांना दहांशी लढवण्याच्या सरावाचं फळ होतं, असं मला वाटतं. प्रत्येकाला फक्त स्वतःची नव्हे, शेजाऱ्याचीही जागा माहीत होती.

आता माझ्या मुद्द्याकडं येतो. या चौघांपैकी किती जण पैसे मोजून बाहेरून आणले होते? एकटा तासोत्ती. तो १९८० मध्ये लाझिओकडून आला. बारेसी, कोस्ताकुर्ता आणि माल्दिनी हे तिघेही मिलानच्या कुमार संघांतून वर आले. बारेसीची तर गंमतच आहे. त्याचा भाऊ इंटर मिलानमध्ये होता, यालाही तिथंच जायचं होतं, पण त्यांनी घेतला नाही. मग हा शेजारच्या मिलानमध्ये आला आणि वीस वर्षं राहिला. त्यात मिलान दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरलं, तेव्हाही तो सोडून गेला नाही. माल्दिनी सोळाव्या वर्षी, जानेवारी १९८५ मध्ये पहिला सामना खेळला आणि २००९ मध्ये चाळिशी ओलांडून निवृत्त झाला. ९०२ सामने, एकच क्लब. चौघे मिळून दहा वर्षं एका ओळीत खेळले. बारेसीनं हात वर करेपर्यंत बाकीचे निघालेले असायचे. हात हा फक्त लाइन्समनला दाखवायला होता की काय, अशी मला शंका येते.

इथं कुणी म्हणेल, की बाहेरून आणलेले बॅकही मिलानमध्ये चांगले निघाले की! खरं आहे. अलेस्सांद्रो नेस्टा २००२ मध्ये लाझिओतून आला. त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलान आणि युव्हेंटस १२० मिनिटं गोलाविना खेळले आणि मिलान पेनल्टीवर जिंकलं. पण नेस्टाला उभं केलं होतं माल्दिनीच्या शेजारी आणि कोस्ताकुर्ताच्या सोबतीत. थिआगो सिल्व्हाचं उदाहरण याहून बोलकं आहे. परदेशी खेळाडूंच्या संख्येच्या नियमामुळं २००९ मधले पहिले सहा महिने त्याला अधिकृत सामना खेळताच आला नाही. तो फक्त सरावाला यायचा, आणि सरावाला माल्दिनी होता. माल्दिनीचे ते शेवटचे सहा महिने. २०१०-११ मध्ये नेस्टा आणि सिल्व्हाच्या मिलाननं ३८ सामन्यांत २४ गोल खाऊन लीग जिंकली. साखळीचं एक कडं दुसऱ्यात अडकवून जात होतं.

२०१२ च्या उन्हाळ्यात ती तुटली. नेस्टा गेला, आणि पैशाची निकड होती म्हणून सिल्व्हा पॅरिसला विकला गेला. शिकवणारा आणि शिकलेला, दोघेही एकाच उन्हाळ्यात. पुढची वर्षं मला आठवावीशीही वाटत नाहीत. आठवा क्रमांक, दहावा क्रमांक, तीन मोसम युरोपात पायच नाही. मालक बदलले, प्रशिक्षक दर वर्षी बदलले, बॅक तर किती आले नि गेले. प्रत्येक उन्हाळ्यात नवा बॅक यायचा आणि आम्ही म्हणायचो, हाच तो.

याला केवळ मिलान जबाबदार आहे असंही नाही. जगच बदललं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपियन न्यायालयानं बॉसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबाला एक पैसाही न देता तो दुसरीकडं जाऊ शकतो. खेळाडूंच्या दृष्टीनं हा न्यायच होता, त्याआधी त्यांना वेठबिगारासारखं बांधून ठेवलं जायचं. पण दहा वर्षं एकत्र राहणारे चार बॅक त्यानंतर दुर्मीळ झाले. नियमही बदलले. १९९० पासून शेवटच्या बॅकच्या बरोबरीला असलेला फॉरवर्ड ऑनसाइड धरला जाऊ लागला. खेळात भाग न घेणाऱ्या फॉरवर्डला ऑफसाइड धरू नये, हे पुढं अधिक स्पष्ट झालं. २०१७ पासून इटलीच्या लीगमध्ये व्हिडिओ पंच आला, आता इंचाइंचाचा हिशेब होतो. बारेसीचा हात बघून झेंडा वर करणारा लाइन्समन आज उरलेला नाही. त्यामुळं जुना बचाव जसाच्या तसा परत आणा, असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी तो येणार नाही.

मग आशा कशाची? आशेला एकदा चांगली पालवी फुटली होती, म्हणून तर बोलतोय. २०१८ मध्ये माल्दिनी क्लबात परत आला, या वेळी कचेरीत. सुरुवात वाईटच होती. डिसेंबर २०१९ मध्ये अटलांटानं मिलानला ५-० नं धुतलं. त्यानंतर काही आठवड्यांत सिमॉन क्येर हा तिशी ओलांडलेला डॅनिश बॅक आला. कुणी त्याच्या नावानं शर्ट विकत घेतला नसेल. त्याचं काम होतं शेजाऱ्याला ओळीत ठेवणं. मग चेल्सीतून टोमोरी आला, लिऑनमधून कालुलू नावाचा विशीतला पोरगा आला. गोलकीपर डोनारुम्मा २०२१ मध्ये करार संपल्यावर फुकटात निघून गेला, त्याच्या जागी मेन्याँ आला. डिसेंबर २०२१ मध्ये क्येरचा गुडघा गेला, तेव्हा मी डोक्याला हात लावला. पण तोवर दोन वर्षं त्यानं आजूबाजूच्या पोरांना सरकायला शिकवलं होतं. टोमोरी आणि कालुलूनं उरलेला मोसम असा खेळला की बघत राहावं. ३८ सामन्यांत ३१ गोल खाल्ले आणि अकरा वर्षांनी विजेतेपद आलं. २२ मे २०२२ ची ती रात्र. घरातले झोपले होते, मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तिथून पुढं घाई नडली. जून २०२३ मध्ये माल्दिनीला काढलं. २०२३-२४ मध्ये संघ दुसरा आला खरा, पण गोल खाल्ले ४९. दोन वर्षांपूर्वीपेक्षा अठरा जास्त. २०२४ मध्ये कालुलू युव्हेंटसला दिला. आधी उसना, मग कायमचा. २०२४-२५ मध्ये मिलान आठवं आलं आणि युरोपातून बाहेर पडलं. विकणाऱ्यांची बाजूही मला कळते. क्लब चालवायला पैसा लागतो, आणि बॅकला चांगला भाव येतो तेव्हाच विकावं, हा हिशेब कागदावर बरोबरच आहे. फक्त त्या कागदावर कालुलूची किंमत लिहिलेली असते. टोमोरी आणि कालुलू यांच्यामधल्या दहा मीटर जागेची किंमत लिहायला रकाना नसतो.

माझा स्वतःचा अनुभव अगदी लहान आहे, पण सांगतो. आमच्या गल्लीच्या संघात माझा जोडीदार होता, पाच वर्षं आम्ही शेजारी खेळलो. तो "सर वर!" एवढंच ओरडायचा. शेवटी शेवटी तेही ओरडायचा नाही, त्याचा श्वास ऐकून कळायचं. तो नोकरीला पुण्याला गेला आणि त्याच्या जागी आमच्यातला सगळ्यात वेगवान पोरगा आला. माझ्या जोडीदारापेक्षा शंभर पटीनं चांगला खेळाडू. पहिल्या तीन सामन्यांत आम्ही अकरा गोल खाल्ले.

२०२५ च्या उन्हाळ्यात अ‍ॅलेग्री मिलानला परतला. २०१०-११ चं विजेतेपद त्याच्याच हाताखालचं. त्यानं चौघांची ओळ सोडून तिघांची घेतली. टोमोरी, सर्बियाचा पाव्लोविच आणि मधोमध मातेओ गाब्बिया. माझ्यासारख्या जुन्या चाहत्याला तीन बॅक म्हणजे थोडं अळणीच वाटतं. पण गाब्बियाकडं माझं लक्ष आहे. तो मिलानच्याच कुमार संघांतून आलेला. उसना दिला गेला, परत आला, पुन्हा उसना गेला, पुन्हा परत आला. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटरविरुद्ध शेवटच्या मिनिटांत डोक्यानं गोल करून त्यानं सामना जिंकून दिला, तेव्हा लोकांनी त्याचं नाव घेतलं. मला त्या गोलापेक्षा तो शेजाऱ्यांशी सतत बोलत असतो, हे महत्त्वाचं वाटतं. डाव्या बाजूला २००५ मध्ये जन्मलेला दाविदे बार्तेसागी हा आणखी एक घरचा पोरगा. त्यालाही २०२५-२६ मध्ये संधी मिळू लागली.

हे दोघे बारेसी आणि माल्दिनी होतील, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्या पोरांवर अन्याय होईल. मला त्यांच्यासाठी एवढंच हवंय, की चार-पाच उन्हाळे त्यांना कुणी विकू नये, आणि एखाद्या हरलेल्या सामन्यानंतर शेजारचा माणूस बदलू नये. मी आजही सामना बघताना चेंडूकडं कमी बघतो. आपल्या बॅकनं चेंडू लांब मारला, की उरलेले किती वेळात पुढं येतात, ते बघतो. २०२४-२५ मध्ये ते एकेक करून यायचे, एक पुढं, दुसरा त्याच्याकडं बघत, तिसरा अजून मागंच. परवा एका सामन्यात तिघे एकदम आले. हात कुणीच वर केला नव्हता.